परसबाग एडिसन २०२५ : बियाणं खरेदी आणि पुढच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधे आमची परसबाग आहे, तिच्यासाठी यंदा बियाण्याची ऑर्डर जानेवारीतच टाकायचं ठरलंय. पडवळ, गवार, वालपापडी हे इथल्या कंपन्या थोडंथोडंच ठेवतात आणि मार्च उजाडेपर्यंत स्टॉक संपतो, मग यादीत टोमॅटो आणि झुकिनी तेवढी उरते. पलीकडच्या गल्लीतलं एक मराठी कुटुंब आणि आम्ही मिळून करतोय, अंगण आमचं, खर्च निम्मा निम्मा. चार बाय आठ फुटांचे चार वाफे आहेत, दक्षिणेकडून दिवसभर ऊन, आणि कुंपणाच्या कडेने जाळीचा मांडव.

आधी गणित मांडलं. आमच्याकडे शेवटचं दंव एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी पडतं आणि पुढचं पहिलं ऑक्टोबरच्या मध्याला. म्हणजे वेलांना मोकळे जेमतेम पाच महिने, त्यातही मे महिन्यात जमीन गारच. दुसरं गणित दिवसाच्या लांबीचं, आणि माझ्या मते बी घेताना हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, इथे तोच पंधरा तासांचा. आपल्या बऱ्याच भाज्या दिवस लहान व्हायला लागले की फुलतात, त्यामुळे नुसतं "दोडका" किंवा "वाल" एवढं नाव बघून बी घेऊन चालत नाही, कुठली जात आणि ती किती दिवसांत कुठल्या उजेडात येते ते बघायलाच हवं.

कच्ची यादी अशी : कारलं, दोडका, दुधी, पडवळ, भेंडी, गवार, वालपापडी, भरायची छोटी वांगी, ज्वाला मिरची, लाल माठ, मेथी, अंबाडी. शिवाय चिनी-जपानी भाज्यांतलं बोक चोय, तातसोई, डायकॉन मुळा आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा. कॅटलॉगमधे शोधताना एक लक्षात ठेवायचं, दोडका बऱ्याच ठिकाणी "चायनीज ओक्रा" म्हणून असतो, भेंडी समजून कुणी मागवू नये.

१२ जानेवारी

आज कुठून घ्यायचं ते पक्कं केलं. एशियन भाज्यांचं मुख्य बियाणं किताझावाचं घेणार. या कंपनीबद्दल वाचत बसले आणि दुपार गेली, पण नोंदवून ठेवावं असं आहे. गिजिउ किताझावा यांनी १९१७ साली कॅलिफोर्नियात सॅन होझेला ही सुरू केली, तिथल्या सांता क्लारा खोऱ्यात जपानी शेतकरी खूप होते, त्यांना डायकॉन, नापा कोबी, जपानी वांगी यांचं बी लागायचं. मग १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना सरकारने घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेलं, त्यात हे कुटुंबही गेलं, वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत. दुकान बंद. युद्ध संपल्यावर परत आले तर गिऱ्हाईक विखुरलेलं, कित्येक जण कॅलिफोर्नियात परतलेच नाहीत, वेगवेगळ्या राज्यांत जाऊन राहिले. तेव्हा यांनी बियाणं पोस्टाने पाठवायला सुरुवात केली, जिथे माणसं गेली तिथे पाकीट गेलं. आज मी न्यू जर्सीत बसून घरपोच बोक चोयचं बी मागवतेय ते त्याच वाटेने येतंय, आणि हे कळल्यापासून त्या पाकिटाकडे मी वेगळ्या नजरेने बघतेय. आता ही कंपनी युटामधल्या ट्रू लीफ मार्केटकडे आहे, पण पाकिटांवर किताझावा हे नाव राहिलंय, ते बरं झालं.

दुसरं ठिकाण फिलाडेल्फियाजवळचं ट्रूलव्ह सीड्स, इथून तास-दीड तासावर. ते छोट्या शेतकऱ्यांकडून बी घेतात, वेगवेगळ्या देशांतून इथे आलेल्या लोकांची पिकं जपतात आणि पाकिटाच्या विक्रीतला निम्मा वाटा ज्याने बी पिकवलं त्याला देतात. आपल्या हवेच्या जवळ पिकलेलं बी मिळतं हा मोठा फायदा. इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतही एप्रिल-मेमधे बियाण्याची पाकिटं टांगलेली असतात, रोपंही येतात. रोपं जरूर घ्यावीत. पाकिटं मात्र वर्ष छापलेलं असेल तरच, कारण एका दुकानात गेल्या मोसमात बघितली त्यांच्यावर ना वर्ष ना उगवणीची टक्केवारी, आणि ती काचेच्या खिडकीत उन्हात ठेवलेली होती. बियाणं उन्हात भाजलं की संपलं.

१९ जानेवारी

आईचा सातारहून फोन. भाचा फेब्रुवारीत येतोय, त्याच्याबरोबर बी पाठवते म्हणाली, तिने दापोली विद्यापीठाच्या कोकण तारा कारल्याचं आणि घरच्या वालाचं बी काढूनही ठेवलंय. तिला नाही म्हणायला जड गेलं पण नाहीच म्हणाले. "अगं, मूठभर बियांनी काय होतंय?" तिचं म्हणणं. होतं काय, की बियांबरोबर रोग आणि किडी येतात, म्हणून अमेरिकेत बाहेरून बी आणायचं तर त्या देशाच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-किडी नसल्याचा दाखला, लागतं, आणि विमानतळावर बी जाहीर केलं नाही तर ते जप्त होतं, वर दंड होऊ शकतो. पोराला पहिल्याच प्रवासात या फेऱ्यात कशाला अडकवायचं.

रीतसर रस्ता आहे मात्र. कृषी खात्याचं 'स्मॉल लॉट्स ऑफ सीड' नावाचं परमिट असतं, ते असलं की थोड्या बियांना सर्टिफिकेट लागत नाही. एका पाकिटात एकाच प्रकारच्या जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, एका पार्सलात जास्तीत जास्त ५० पाकिटं, प्रत्येकावर शास्त्रीय नाव, आणि बियांना कुठलंही औषध चोळलेलं नको. पार्सल आधी त्यांच्या तपासणी केंद्रावर जातं, मग घरी. औषधाची अट महत्त्वाची, कारण आपल्याकडे दुकानात मिळणारं बरंचसं बी थायरम हे बुरशीनाशक लावून गुलाबी केलेलं असतं, ते यात बसत नाही. आईचं घरचं बी बसू शकेल. सगळ्याच पिकांना हे परमिट चालत नाही, म्हणून प्रत्येक नाव यादीत तपासूनच पुढे जायचं. अर्ज भरायला घेतला, यंदाच्या मोसमाला मिळालं तर ठीक नाहीतर पुढच्या.

आणि परदेशातून भलत्याच स्वस्तात बी विकणारे ऑनलाइन विक्रेते पूर्ण बाद. २०२० च्या जुलैमधे इथे कित्येक लोकांच्या घरी न मागवलेली बियांची पाकिटं टपालाने आली होती, बरीचशी चीनमधून, वर दागिने वगैरे लिहिलेलं. खोटे रिव्ह्यू दाखवण्यासाठी विक्रेत्यांनी केलेला तो प्रकार असावा असं तपासात दिसलं, पण सरकारने तेव्हा सगळ्यांना ते बी पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका असं सांगितलं होतं. ते योग्यच होतं.

२५ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस वालावर. शेजारच्या गुजराती बा चाळीसेक वर्षं इथे पापडी लावतायत, त्यांच्याकडे चहाला गेले होते. त्या म्हणाल्या, सुरती पापडीचा वेल जूनपासून मांडवभर पसरतो, हिरवागार दिसतो, पण फूल म्हणाल तर सप्टेंबर लागल्यावर, आणि शेंगा भरतात न भरतात तोच दंव. त्यांनी कारण विचारलं नव्हतं, पण कारण तेच, पंधरा तासांचा दिवस. पारंपरिक वाल-पावटा लहान दिवसांचं पीक आहे, आपल्याकडे पावसाळ्यात लावला तर हिवाळ्यात शेंगा देतो ते म्हणूनच.

यावर उपाय आपल्याच देशात झालेला आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या जाती झुडपी आहेत आणि दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत, कधीही लावा फुलतात. इथे तंतोतंत त्या नावाने मिळत नाहीत, पण लवकर येणाऱ्या, झुडपी जाती विचारून घेता येतात. तसंच जांभळ्या शेंगांची 'रुबी मून' इथे शोभेचा वेल म्हणून सर्रास विकतात, ती इकडच्या उन्हाळ्यात फुलते हे खरं पण मी ती भाजीसाठी घेणार नाही. सुकलेल्या वालात विषारी घटक असतात, भिजवून उकळून पाणी टाकूनच खावा लागतो, आणि शोभेच्या जातीवर चवीसाठी कुणी काम केलेलं नाही.

वालाचा विषय निघाला की राहीबाई पोपेरे आठवतातच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली त्या बीजमाता. वाल आणि घेवड्याच्या किती तऱ्हा त्यांनी घरात मडक्यांतून, राख लावून जपल्या. आपल्याला एका वाफ्याला एक पाकीट निवडताना एवढं वाचावं लागतं, त्यांनी ते शाळेत न जाता पाहून पाहून साठवलं. दोन्ही घरच्या मुलांना आज त्यांचा व्हिडिओ दाखवला.

निर्णय : एक पाकीट लवकरची झुडपी पापडी, आणि बांकडून थोडी सुरती, बघू कुठली काय देते.

२ फेब्रुवारी

ऑर्डर टाकली.

पाकीट कसं वाचायचं ते पलीकडच्या वहिनींना समजावलं, ते इथे लिहून ठेवते. "डेज टू मॅच्युरिटी", म्हणजे पीक काढणीला यायचे दिवस, लिहिलेलं असतं ते वांगी, मिरचीला रोप जमिनीत लावल्यापासून धरतात आणि भेंडी, मुळा, मेथीला पेरल्यापासून. म्हणजे वांग्याला ७० लिहिलं असलं तरी आधीचे आठ आठवडे त्यात नाहीत. एफ-वन, म्हणजे पहिल्या पिढीचं संकरित बी, असेल तर पुढच्या वर्षी त्याचं बी धरायचं नाही, धरलं तर येतं पण काय येईल सांगता येत नाही. "पॅक्ड फॉर २०२५" हे शब्द बघायचेच.

भेंडीत मी क्लेमसन स्पाइनलेस घेतली, १९३९ ची जुनी बक्षीसपात्र अमेरिकन जात, पण इथल्या मातीत भरवशाची आणि लुसलुशीत असताना काढली तर कापांना उत्तम. भेंडीच्या बियाण्यावरून जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांची गोष्ट मुलांना सांगितली, पुसा सावनी भेंडीच्या बियांपासून त्यांनी सुरुवात केली, १९६४ ला महिको ही बियाणं कंपनी काढली आणि १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. मराठवाड्यातल्या एका माणसाने भेंडीच्या बियांवरून केवढं काम उभं केलं.

कारल्याची दोन पाकिटं, एक आपलं गडद हिरवं काटेरी आणि एक चिनी, लांब, पोपटी रंगाचं. चिनी कडूला थोडं कमी असतं, मुलांसाठी ते. वांगी छोटी गोल जांभळी. मिरची "इंडियन ज्वाला". बोक चोय दोन वेळचं, वसंतासाठी लवकर न फुलणारं 'जॉय चॉय' आणि उन्हाळा सरल्यावरचं बुटकं 'मेई किंग'. तोंडलीचं बी कुठेही दिसलं तरी घ्यायचं नाही. त्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, बियांतून काय उगवेल ते फूल आल्याशिवाय कळत नाही, आणि ओळखीच्या फळणाऱ्या वेलाची फांदी लावली की काम होतं. हवाईसारख्या उष्ण ठिकाणी तोंडलीने रान गिळलंय, तिथे ती लावायचीच नाही, आमच्याकडे थंडीच तिला आवर घालते. कलमी भाजी, म्हणजे वॉटर स्पिनॅच, घ्यायची इच्छा होती पण ती केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे, सोडून दिली.

१६ फेब्रुवारी

जुन्या पाकिटांची चाचणी. ओल्या पेपर टॉवेलवर दहा बिया, गुंडाळून झिप पिशवीत, हीट मॅटवर. दुधीच्या तीन वर्षांपूर्वीच्या बिया नऊ उगवल्या, वेलवर्गीय बिया टिकतात. भेंडी अर्ध्याहून कमी, कांद्याचं बी तर एका वर्षात संपतंच.

किराण्यातली मेथी पेरायला छान चालते, ती ह्या चाचणीत जवळजवळ सगळी आली, दुकानाच्या पाव किलोत आख्खा मोसम निघतो. धने मात्र बेभरवशाचे, मसाल्यासाठी आलेले असतात, त्यांच्यावर काय प्रक्रिया झालीये कोण जाणे, म्हणून कोथिंबिरीचं बी विकत. धने पेरण्याआधी लाटण्याने हलके रगडून दोन भाग करून घ्यायचे, हे आईने लहानपणी शिकवलेलं.

२२ मार्च

वांगी, मिरची ट्रेमधे. तळघरात हीट मॅट ८५ फॅरेनहाइटवर, ग्रो लाइट चौदा तास.

१९ एप्रिल

मेथी, कोथिंबीर, बोक चोय, लाल मुळा थेट बाहेर पेरलं, त्यांना गारवाच हवा. आत कारलं, दोडका, दुधी, पडवळ. यांचं कवच कडक असतं, त्यामुळे नेलकटरने टोक सोडून कडेला जरासा छेद, रात्रभर कोमट पाण्यात, मग ओल्या टॉवेलमधे मॅटवर, मोड दिसला की कुंडीत. गार मातीत नुसतं खोचलं तर कारलं कुजतं, त्याला पंचवीस-तीस सेल्सियसची ऊब लागते. मुळं हलवलेली या वेलांना आवडत नाहीत म्हणून कागदी कुंड्या, कुंडीसकट लावायच्या.

१७ मे

रात्रीचं तापमान ५५ फॅरेनहाइटच्या खाली जात नाहीये, रोपं बाहेर. आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून सवय केली होती. भेंडी, गवार, लांब चवळी आज थेट पेरली. बोक चोयच्या पानांवर काळे बारीक उड्या मारणारे भुंगेरे आले, बारीक जाळी पांघरली की ते लागत नाहीत, पेरल्या दिवसापासून पांघरायला हवी.

आई व्हिडिओ कॉलवर वाफे बघून म्हणाली, "मांडव उंच कर गं, पडवळ लोंबायला जागा कुठेय?" बरोबर होतं. फूटभर वाढवला.

२४ जून

उन्हाची लाट, आमची माणसं घामाघूम आणि गवार, भेंडी, माठ खूश. अंबाडी कमरेएवढी झाली, ती फुलेल शरदात पण आपल्याला पाला हवाय त्यामुळे दिवस मोठा असला तरी बिघडत नाही, उलट पालाच पाला. आज भाकरी आणि अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, दोन्ही घरं एकत्र जेवली.

१२ जुलै

दुधीला पांढरी फुलं. ही संध्याकाळी उमलतात आणि रात्री पतंग परागीभवन करतात, आमच्या गल्लीत दिव्यांमुळे असो की फवारण्यांमुळे, पतंग कमी दिसतात. मग जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करून मादी फुलावर फिरवायचं, मादी फुलामागे बारकी दुधी असते त्यावरून ओळखू येतं. मुलांना हे काम इतकं आवडलंय की झोपायला जात नाहीत. दोडकाही संध्याकाळीच उमलतो, घोसाळं मात्र सकाळी. पडवळाची झालरीसारखी फुलं रात्री बघावीत, एवढं नाजूक फूल मी दुसऱ्या कुठल्या भाजीचं पाहिलं नाही.

दोडक्याला अजून नुसतीच नर फुलं. मोठ्या दिवसांत असंच होतं, ऑगस्टमधे मादी फुलं येतील, वेल उपटायचा नाही हे वहिनींना सांगून ठेवलं.

२ ऑगस्ट

शरदाची पेरणी, आणि एशियन भाज्यांसाठी माझ्या मते हाच खरा मोसम. डायकॉन वसंतात लावला तर थंडी खाऊन, दिवस वाढले की लगेच डोंगळ्यावर येतो, मुळा पोसतच नाही. आता लावला की दिवस लहान होत जातात, गारवा वाढतो, मुळा जाड आणि गोड होतो. मातीत फूटभर खोल खोदून खडे काढले. तातसोई आणि मेई किंग ऑगस्टअखेर, तातसोई तर हलकं दंवही सोसतं. मेथीचा दुसरा हप्ताही तेव्हाच.

लाल शेंगांची लांब चवळी सुसाट, रोज काढावी लागते, एक दिवस राहिली की फुगते.

३० ऑगस्ट

भरली कारली झाली, काटेरी कारल्याची. चिनी कारल्याचे काप कुरकुरीत करून मुलांनी खाल्ले. दोडका आता धरला, शिरांची चटणी तीळ घालून.

बी धरायला काटेरी कारल्याची दोन मादी फुलं उमलायच्या आदल्या संध्याकाळी कापडी पिशवीत बांधली होती, सकाळी त्याच वेलाच्या नर फुलाने हाताने परागण करून परत बांधली, नाहीतर शेजारच्या चिनी कारल्याशी संकर होणार. पिकून नारिंगी झाली, फुटली, आतल्या बिया लालभडक गरात. गर धुऊन सावलीत वाळवल्या. पाकिटावर ही जात एफ-वन नाही हे आधीच बघितलं होतं.

२१ सप्टेंबर

वालाचा निकाल. झुडपी पापडी जुलैअखेर फुलली आणि ऑगस्टभर शेंगा दिल्या, भाजीला पुरल्या. बांची सुरती आत्ता कुठे फुलांनी भरलीये, अगदी त्या म्हणाल्या तशी. बांना झुडपी पापडीच्या कोवळ्या शेंगा नेऊन दिल्या, त्यांनी उंधियूत घालून परत डबा पाठवला आणि निरोप पाठवला की चव सुरतीची नाही पण भाजी ऑगस्टात मिळतेय तर पुढच्या वर्षी मलाही बी दे. चव सुरतीची नाही हे मान्य, दाणा लहान आणि वास कमी. म्हणून सुरतीसाठी पुढच्या वर्षी एक करून बघायचंय, एक वेल मोठ्या कुंडीत ठेवायचा आणि ऑगस्टपासून रोज संध्याकाळी पाच ते सकाळी आठ काळ्या कापडाने झाकायचा, म्हणजे दिवस नऊ तासांचा होईल आणि फूल लवकर यायला हवं. कापड जाड हवं, उजेड आत शिरता कामा नये.

१२ ऑक्टोबर

दंवाचा अंदाज पुढच्या आठवड्यात. भेंडी, वांगी, मिरची सगळी काढून घेतली, हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि उरलेल्या लोणच्याला. डायकॉन मस्त, किसून कोशिंबीर आणि पाल्याची पीठ पेरून भाजी, तो अजून जमिनीतच राहू दे.

बिया बाटल्यांत भरल्या, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी, वर नाव, जात, वर्ष. फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत राहिली तर बी टिकतं असा ठोकताळा आहे, फ्रिजमधे चाळीस आणि बाटली कोरडी म्हणजे जमतं. कारलं, लांब चवळी, झुडपी पापडी, अंबाडीची सुरुवातीची काही बोंडं (फुलली, पण बी पक्व झालंय का ते बघायचंय), लाल माठ.

परमिट आलंय. आईला कळवलं, घरच्या वालाच्या ५० बिया मोज, कुठलंही औषध लावू नकोस, पुडीवर 'लॅबलॅब पर्प्युरिअस' लिही, बाकीचे लेबल मी पाठवते. "पन्नासच?" म्हणाली, आणि लगेच डबा उघडल्याचा आवाज आला.

जानेवारीसाठी ऑर्डर : पडवळ (यंदाचं संपलं), गवार दुप्पट, डायकॉन, जॉय चॉय, भरायची वांगी. ज्वाला मिरची पुरेशी आहे, घ्यायची नाही.